सावकाश वाढणाऱ्या गाठीचं पहिलं औषध

गिरगावात खोताच्या वाडीत शिरलं की लाकडी कठड्यांच्या घरांपुढे, बाहेरून चढणाऱ्या जिन्यांच्या पायथ्याशी कुंड्यांची आणि पत्र्याच्या डब्यांची रांग दिसते. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या जमिनीवर ही वाडी वसली, ईस्ट इंडियन कुटुंबांनी इथे प्लॉट घेऊन घरं बांधली. त्या डब्यांत तुळस असते, जास्वंद असते आणि सदाफुली तर असतेच. तिला कुणी मुद्दाम लावलेलंही नसतं. गुलाबी-पांढऱ्या फुलांचं हे झाड मूळचं मादागास्करचं. त्याच्या पानांतून काढलेलं व्हिन्क्रिस्टिन हे औषध गेली पन्नासहून अधिक वर्षं लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाच्या, रुग्णांना शिरेतून दिलं जातंय. वाडीपासून परळचं टाटा हॉस्पिटल टॅक्सीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. डब्यातल्या झाडापासून तिथल्या सलाइनपर्यंतचा रस्ता मात्र कॅनडा, अमेरिका, पुणे आणि मुंबई सेंट्रल असा फिरून आला आहे. तो इथे शोधायचा आहे. त्यासोबत आणखी एक गोष्टही पाहायची आहे: सावकाश वाढणाऱ्या लिम्फोमावरच्या पहिल्या उपचाराचं मोजमाप आपण कशाने करत आलो, आणि ते माप कसं बदललं.

हा आजार फसवा आहे. मानेत, काखेत किंवा जांघेत गाठ येते. ती दुखत नाही, ताप नसतो, भूक नीट असते. आपल्या शहरात मानेत गाठ दिसली की पहिला संशय क्षयाचा येतो आणि तो बरेचदा खराही ठरतो. गाठीचा तुकडा काढून तपासल्याशिवाय काही ठरत नाही. या आजाराच्या मुख्य प्रकाराला आज फॉलिक्युलर लिम्फोमा म्हणतात. १९२५ साली न्यूयॉर्कमध्ये ब्रिल, बेअर आणि रोझेन्थाल यांनी त्याचं वर्णन केलं, दोन वर्षांनी सिमर्स यांनी त्यात भर घातली, आणि बराच काळ तो ब्रिल-सिमर्स आजार या नावानेच ओळखला गेला. त्या काळात अनेकांना हा कर्करोग आहे असंही वाटत नव्हतं, इतका तो संथ. क्ष-किरण दिले की गाठी विरघळत. वर्षा-दोन वर्षांनी दुसरीकडे उगवत.

औषधांची वंशावळ मात्र युद्धातून निघते. १९१७ साली ईप्रच्या रणांगणावर मस्टर्ड वायू वापरला गेला. त्याने मेलेल्या सैनिकांच्या अस्थिमज्जेत आणि लसिका ग्रंथींत पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या दिसल्या. एडवर्ड आणि हेलन क्रुम्भार यांनी १९१९ साली ते लिहून ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन या दोघांना वायूंवर उतारा शोधायचं सरकारी काम मिळालं. त्यांना उलटा प्रश्न पडला: जे रसायन निरोगी लसिका ग्रंथी सुकवतं, ते आजारी ग्रंथीही सुकवेल का? २७ ऑगस्ट १९४२ रोजी एका रुग्णाला नायट्रोजन मस्टर्डचा पहिला डोस दिला गेला. त्याच्या मानेतल्या गाठी इतक्या मोठ्या होत्या की गिळणं कठीण झालं होतं. काही दिवसांत त्या गाठी विरघळल्या. महिनाभरात परतल्या. दुसऱ्या वेळी औषधाने कमी काम केलं, तिसऱ्या वेळी त्याहून कमी, आणि डिसेंबरात तो माणूस गेला. युद्धाच्या गुप्ततेमुळे हे सगळं १९४६ पर्यंत छापलं गेलं नाही.

त्या एका माणसाच्या कहाणीत पुढच्या ऐंशी वर्षांचा आराखडा आहे, असं मला वाटतं. पहिला उपचार सर्वांत जास्त काळ टिकतो, दुसरा त्याहून कमी, तिसरा आणखी कमी. फॉलिक्युलर लिम्फोमात हा क्रम आजही बहुतेकदा दिसतो. पहिल्या औषधाची निवड एवढी महत्त्वाची का, त्याचं उत्तर इथेच आहे.

येलमध्ये हे चाललं होतं तेव्हा परळचं रुग्णालय जेमतेम दीड वर्षाचं होतं. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, पुढच्या वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या ट्रस्टने उभारलेल्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलचं उद्घाटन २८ फेब्रुवारी १९४१ रोजी झालं. तेव्हा तिथे शस्त्रक्रिया होती, रेडियम होतं, क्ष-किरण होते. औषध नव्हतं, कारण जगातच नव्हतं. पण तिथे वसंत रामजी खानोलकर होते. सूक्ष्मदर्शकाखाली गाठीचं खरं रूप ओळखणारी शिस्त परळमध्ये त्यांनी रुजवली. लिम्फोमाच्या बाबतीत ही शिस्त म्हणजेच अर्धा उपचार. सावकाश वाढणाऱ्या गाठीला वेगाने वाढणारी समजलं, तर माणसाला नको ते सगळं सोसावं लागतं.

युद्धानंतर मस्टर्डची मुलंबाळं जन्मली. लंडनच्या चेस्टर बीटी संस्थेत १९५३ साली क्लोरॅम्ब्युसिल तयार झालं. ही साधी गोळी, घरी घ्यायची, केस न घालवणारी. जर्मनीत नॉर्बर्ट ब्रॉक यांनी सायक्लोफॉस्फामाइड आणलं, ते १९५९ साली अमेरिकेत मंजूर झालं आणि आजही रोज वापरात आहे.

आणि मग सदाफुली. जमैकात या झाडाच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत. तिथल्या एका डॉक्टरने पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ती पानं कॅनडाला पाठवली. ऑन्टारियोत रॉबर्ट नोबल यांनी अर्क उंदरांना देऊन पाहिला. साखर उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र घसरल्या. नोबल आणि रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बिअर यांनी त्यातून व्हिन्ब्लास्टिन वेगळं केलं. अमेरिकेत एली लिली कंपनीत त्याच झाडावर समांतर काम चाललं होतं, तिथून व्हिन्क्रिस्टिन आलं आणि १९६३ साली मंजूर झालं. पेशी दुभंगताना तिच्या आत जे तंतू उभे राहतात ते हे औषध उभे राहू देत नाही, आणि पेशी अर्ध्यावर अडकून मरते. अडचण एकच: शेकडो किलो वाळल्या पानांतून ग्रॅमभर औषध निघतं. म्हणून ते महाग आणि परदेशी. १९८४ साली पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि मुंबई सेंट्रलची सिप्ला यांनी मिळून व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन इथे बनवण्याचं तंत्र उभं केलं. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर नव्हे, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर हक्क ठेवला होता, त्यामुळे ते कायद्याने शक्य झालं. गिरगावातून चालत पोहोचता येईल एवढ्या अंतरावरच्या कंपनीने आपल्या अंगणातल्या झाडाचं औषध आपल्या माणसांना मिळवून दिलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. आपल्या औषधउद्योगाच्या इतिहासात एड्सच्या गोळ्यांची गोष्ट सगळे सांगतात. ही गोष्टही सांगायला हवी.

सायक्लोफॉस्फामाइड, व्हिन्क्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोन या तीन औषधांचं मिश्रण म्हणजे सीव्हीपी. त्यात डॉक्सोरुबिसिन हे लाल औषध घातलं की झालं सीएचओपी, ज्याला वॉर्डात सगळे ‘चॉप’ म्हणतात. सत्तरच्या दशकात ही मिश्रणं रुळली आणि वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमात त्यांनी माणसं कायमची बरी केली. साहजिकच सावकाश लिम्फोमातही तेच होईल असं सगळ्यांना वाटलं. औषधं वाढवली, डोस वाढवले. गाठी गेल्या, स्कॅन स्वच्छ आले. पण स्टॅनफर्डमध्ये सॉल रोझेनबर्ग आणि सँड्रा हॉर्निंग यांनी १९६० पासूनच्या रुग्णांचे आयुर्मानाचे आलेख एकावर एक ठेवले, तेव्हा दशकांमागून दशकं रेषा जवळजवळ एकमेकींवरच पडत होत्या. निम्मे रुग्ण साधारण दहा-अकरा वर्षं जगत होते. उपचार सौम्य असो की कडक, आकडा हलत नव्हता.

हे असं का, ते ऐंशीच्या दशकात कळलं. या लिम्फोमाच्या बहुतेक रुग्णांत १४ आणि १८ या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदललेले असतात आणि त्यामुळे बीसीएल-२ नावाचं जनुक सतत चालू राहतं. ऑस्ट्रेलियात डेव्हिड वॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखवलं की हे जनुक पेशीला वेगाने वाढवत नाही, ते तिला मरू देत नाही. घरात पाहुणे थोडेच येत असले तरी आलेला कुणी परत जातच नसेल, तर घर भरत जातं, तसं हे. दुभंगणाऱ्या पेशीला गाठणारी औषधं इथे वरवरचं पीक कापतात. मुळाशी निवांत बसलेल्या, न दुभंगणाऱ्या पेशी वाट पाहत राहतात.

त्याआधीच रोझेनबर्ग यांच्या गटाने त्या काळी धाडसाचं वाटेल असं काम केलं. त्रास नसलेल्या ८३ रुग्णांना त्यांनी सुरुवातीला औषधच दिलं नव्हतं. १९८४ साली त्यांनी त्यांचा हिशेब छापला. उपचाराची गरज पडेपर्यंतचा मध्यम काळ तीन वर्षांचा होता, दहा वर्षांनी ७३ टक्के हयात होते, आणि जवळपास चौघांत एकाच्या गाठी औषधाविना आपोआप लहान झाल्या होत्या. पुढे ब्रिटनमध्ये ३०९ रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करून निम्म्यांना लगेच क्लोरॅम्ब्युसिल आणि निम्म्यांना फक्त देखरेख अशी तुलना झाली. सोळा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. लवकर औषध दिल्याने आयुष्य वाढलं नव्हतं. पहिल्या उपचाराच्या वंशावळीत ‘अजून काही न देणं’ ही अशी मानाने बसलेली शाखा आहे.

आपल्या घरांत ती पचवणं फार अवघड जातं. बायॉप्सीत कर्करोग निघाला आणि डॉक्टर म्हणतात तीन महिन्यांनी या. घरी परतल्यावर शेजारपाजारचे विचारतात, ‘अहो, टाटाला दाखवलंत ना? मग किमो कधी सुरू?’ काही नाही म्हटलं की डॉक्टर बदलायचा सल्ला मिळतो, कुणी पंचगव्य सुचवतं, कुणी गोव्याचा वैद्य. काळजीपोटी सुचवतात, हे खरंच. पण या आजारात वाट पाहणं म्हणजे दुर्लक्ष नाही. गाठी मोजल्या जातात, रक्त तपासलं जातं, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं यांची चौकशी होते आणि ठरलेल्या मर्यादा ओलांडल्या की उपचार सुरू होतो. ज्या माणसाने ही दोन-तीन वर्षं नोकरी करत, गणपतीला गावी जात, नातवंडं खेळवत काढली, त्याला पहिल्या उपचाराचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी त्रासाचा लाभ मिळाला असं मी मानतो.

खरा बदल घडवला प्रतिपिंडाने. स्टॅनफर्डमध्येच रॉन लेव्ही यांनी ऐंशीच्या सुरुवातीला एकेका रुग्णाच्या गाठीसाठी खास प्रतिपिंड बनवले. पहिल्याच रुग्णात आजार नाहीसा झाला. पण प्रत्येक माणसाला वेगळं औषध बनवायचं तर महिनेच्या महिने लागत. मग सगळ्या बी पेशींवर, म्हणजे या गाठी ज्यांच्यापासून बनतात त्या पेशींवर, असणाऱ्या सीडी-२० या खुणेवर एकच प्रतिपिंड तयार झालं, रिटुक्सिमॅब. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. कर्करोगासाठी मंजूर झालेलं हे पहिलं एकपेशीवंशी प्रतिपिंड. परतलेल्या आजाराच्या १६६ रुग्णांत एकट्या या औषधाने जवळपास निम्म्यांच्या गाठी कमी झाल्या होत्या. पुढचा प्रश्न उघड होता: हे पहिल्याच उपचारात घातलं तर?

उत्तर २००५ च्या सुमारास आलं. ३२१ नव्या रुग्णांत नुसत्या सीव्हीपीनंतर आजार पुन्हा वाढायला मध्यम काळ १५ महिने लागत होता. सोबत रिटुक्सिमॅब दिल्यावर तो ३२ महिने झाला. चार वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाणही ७७ वरून ८३ टक्क्यांवर गेलं. चाळीस वर्षं न हललेली आयुर्मानाची रेषा पहिल्यांदा उचलली गेली. जुनी सदाफुली आणि जुनं मस्टर्ड तेच होतं. शेजारी एक नवीन प्रथिन आलं होतं.

मुंबईत मात्र त्या वेळी हा निकाल म्हणजे काचेपलीकडची वस्तू होती. सीव्हीपीची सायकल काही शे-हजारांत होई. एका रिटुक्सिमॅबच्या डोसला गिरणी बंद पडलेल्या लालबागच्या घराची वर्षाची मिळकत पुरली नसती, आणि असे सहा ते आठ डोस लागत. परळच्या डॉक्टरांना एक औषध चांगलं आहे हे ठाऊक असूनही कागदावर दुसरं लिहावं लागे. २००७ साली हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने रेडिटक्स हे समरूप औषध मूळ औषधाच्या जवळपास निम्म्या किमतीला आणलं, नंतर इतर भारतीय कंपन्याही उतरल्या आणि किंमत उतरत गेली. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने फॉलिक्युलर लिम्फोमासाठी रिटुक्सिमॅबला अत्यावश्यक औषधांत जागा दिली. आपल्या राष्ट्रीय यादीतही ते त्याच वर्षी आलं. राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातल्या २३ केंद्रांनी एकत्र येऊन ४० औषधांची घाऊक खरेदी केली, तिचं नेतृत्वही परळमधूनच झालं. उपचाराच्या निकालाची चर्चा करताना परदेशी लेखांत किंमत शेवटच्या परिच्छेदात येते. इथे ती पहिल्या ओळीत यायला हवी, कारण अर्ध्यावर सोडलेल्या सहा सायकलींचा निकाल कुठल्याच चाचणीत मोजलेला नसतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीत गावाहून आलेल्या कुटुंबाला मिळालेली खाट हासुद्धा पहिल्या उपचाराचाच भाग आहे.

मस्टर्डचं आणखी एक मूल मध्यंतरी भिंतीआड वाढत होतं. पूर्व जर्मनीत येना इथे ओझेगोव्स्की आणि क्रेब्स यांनी १९६३ साली बेंडामस्टिन तयार केलं. ते तिथे वापरलं जाई, पण पश्चिमेला त्याची खबर जवळजवळ नव्हती. भिंत पडल्यावर जर्मन डॉक्टरांनी त्याची नीट परीक्षा घेतली. माथियास रुमेल यांच्या गटाने सावकाश लिम्फोमाच्या पाचशेहून अधिक नव्या रुग्णांत रिटुक्सिमॅबसोबत बेंडामस्टिन आणि रिटुक्सिमॅबसोबत चॉप अशी तुलना केली. २०१३ साली निकाल छापला: आजार न वाढता गेलेला मध्यम काळ चॉपनंतर ३१.२ महिने, बेंडामस्टिननंतर ६९.५ महिने. चॉप घेणाऱ्या सगळ्यांचे केस गेले, बेंडामस्टिन घेणाऱ्यांत कुणाचेच पूर्ण गेले नाहीत. टोपी किंवा ओढणी न घेता बायकांना सायकलींच्या मधल्या काळात लग्नकार्याला जाता येतं, हे आकड्यात मावत नाही, पण ज्यांनी ते पाहिलंय त्यांना त्याचं मोल विचारा. बेंडामस्टिन आता भारतात बनतं आणि २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक यादीत आहे. त्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. टी पेशी बराच काळ खाली राहतात, जंतुसंसर्ग उशिराही होऊ शकतो. क्षय ज्या शहरात घरोघरी आहे तिथे हे फार जपून बघावं लागतं. रिटुक्सिमॅबआधी कावीळ-बीची तपासणी तर टाळायचीच नाही, कारण झोपलेला विषाणू त्याने जागा होतो.

रुमेल यांच्या चाचणीत आजारमुक्त काळ दुप्पट झाला, एकूण आयुष्यात मात्र फरक दिसला नाही. फ्रान्सच्या नेतृत्वाखाली झालेल्या प्रायमा चाचणीतही तेच. पहिल्या उपचारानंतर दोन वर्षं दर दोन महिन्यांनी रिटुक्सिमॅब चालू ठेवलेल्यांत आजार न वाढण्याचा मध्यम काळ साडेदहा वर्षांवर गेला, न घेतलेल्यांत तो चार वर्षांच्या आसपास राहिला. दहा वर्षांनी दोन्ही गटांत हयात असलेले सारखेच, साधारण ८० टक्के. मग साडेदहा वर्षांची शांतता कमी मोलाची का? मुळीच नाही. पण ज्या घराला ते बारा डोस दागिने मोडून घ्यावे लागणार आहेत, त्या घराला हा दुसरा आकडाही डॉक्टरांनी तितक्याच ठळकपणे सांगावा, असं माझं ठाम मत आहे. कोविडच्या लाटांत हा लांबवलेला कोर्स अनेक ठिकाणी थांबवावा लागला, कारण रिटुक्सिमॅब चालू असताना लशीला शरीर नीट प्रतिसाद देत नाही.

एका आकड्यावर मात्र सगळे थांबतात. २०१५ साली कार्ला कासुलो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रिटुक्सिमॅब-चॉप घेतलेल्यांपैकी साधारण पाचांत एकाचा आजार दोन वर्षांच्या आतच परततो. त्यांच्यात पाच वर्षांनी निम्मेच हयात होते, उरलेल्यांत ९० टक्के. म्हणजे सावकाश समजल्या जाणाऱ्या आजाराच्या पोटात एक वेगळा, घाईचा आजार दडलेला असतो, आणि तो पहिल्या उपचारानंतरच उघड होतो. अशा वेळी पुन्हा तुकडा काढून तपासणं भाग असतं. खानोलकरांची शिस्त परत कामाला येते.

वर आलेले बहुतेक आकडे स्टॅनफर्ड, लंडन, जर्मनी, फ्रान्स इथले आहेत. आपल्याकडचं चित्र वेगळं असू शकतं, याची खूण टाटामध्येच मिळाली होती. तिथल्या के. एन. नरेश, सी. एस. सोमण आणि सहकाऱ्यांनी २७७३ लिम्फोमांचं वर्गीकरण करून २००० साली छापलं. त्यात फॉलिक्युलर लिम्फोमा १२.६ टक्के निघाला, पाश्चात्त्य देशांतल्या प्रमाणापेक्षा बराच कमी. १९६३ साली देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदवही मुंबईत सुरू झाली. मोजण्याची सवय या शहराला आहे. प्रकार मोजले तशीच पहिल्या उपचारानंतरची वर्षंही मोजली जावीत, सुट्टी घेता न आल्यामुळे चुकलेल्या सायकलींसकट आणि मध्येच गावी परतलेल्यांसकट.

वंशावळ पुढे चालूच आहे. लेनालिडोमाइडची गोळी रिटुक्सिमॅबसोबत दिली तर किमोइतकाच निकाल मिळतो, हे २०१८ साली हजारावर रुग्णांत दिसलं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी घडवलेली नेक्स-कार-१९ ही पेशी-चिकित्सा २०२३ साली मंजूर झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी ती पवईत देशाला अर्पण केली. पण ती आजार परतलेल्यांसाठी. आज परळच्या ओपीडीत नवी फाइल काढणाऱ्याला मिळतं ते रिटुक्सिमॅबसोबत बेंडामस्टिन, नाहीतर सीव्हीपी किंवा चॉप. ज्याच्या गाठी लहान आहेत आणि ज्याला त्रास नाही, त्याला फाइलवर तीन महिन्यांनंतरची तारीख मिळते.